न उघडलेली पेटी

माझी नोकरी एका कॅमेऱ्याने खाल्ली. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. पांढऱ्या दिव्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या आणि मी डोळ्यात तेल घालून त्यांच्याकडे बघत बसायचो. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड, काहीही दिसलं की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. सगळं तारुण्य त्यात गेलं. मग एक दिवस पट्ट्याच्या वर तळहाताएवढा कॅमेरा बसवला गेला आणि साहेबांनी मला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं की याला चहाची सुट्टी लागत नाही. मी हसलो. त्यांना वाटलं, मी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर काही महिने मी घरी बसून होतो. बसून म्हणजे खरोखरच बसून. खुर्चीला माझा आकार आला होता. एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघताना एक जुनं मासिक हाती लागलं. त्यात मधाच्या पेट्यांमध्ये उभ्या असलेल्या एका दाढीवाल्याचा फोटो होता. तो इतका निवांत दिसत होता की आधी मला त्याचा राग आला आणि मग हेवा वाटला. ते पान मी गुपचूप फाडून खिशात घातलं. पन्नाशीला आलेला माणूस दवाखान्यातलं मासिक फाडतो म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलं असणार, हे खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं.

"मधमाश्या?" बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला डास चावला तरी दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरता."

पण ती आली. कपडे आखूड-सैल करून द्यायचं तिचं छोटंसं दुकान होतं, बरं चाललेलं, गिऱ्हाइकं जोडलेली. ते बंद करून, शिलाई मशीन टेम्पोत घालून ती माझ्यामागोमाग या आडबाजूला आली. लेक फोनवर तिला म्हणाली, "आई, बाबांना खूळ लागलंय, पण तुला काय झालंय?" त्यावर ही म्हणाली, "माझं यांच्याशी लग्न झालंय." मी शेजारीच उभा होतो. ती हसून म्हणाली की वैतागून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रस्ता जिथे संपतो तिथलं ते भाड्याचं घर. दोन खोल्या, एका भिंतीला कायमची ओल, नळ बंद केला तरी ठिबकत राहणारा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं आवार दिसायचं आणि त्याच्यापलीकडे फळबागा. त्या खिडकीशी तिने मशीन मांडलं. आवारात विटांवर मी सहा पेट्या मांडल्या.

पेट्या ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना सगळे मधवालेच म्हणत. त्यांना स्वतःला मधुमेह होता. "मी विकतो, चाटत नाही," असं म्हणायचे, आणि आयुष्यभर मधात हात घालूनही त्यांच्या बोलण्यात गोडवा औषधालासुद्धा नव्हता. पेट्या उतरवून देताना त्यांनी मला समोर उभं करून ऐकवलं, "हे बघा, यांना तुमची गरज नाही. पंधरवड्यातून एकदा झाकण उघडा. थंडी पडली की तेही नाही. थंडीत त्या एकमेकींना चिकटून ऊब धरून बसतात. तुम्ही झाकण उघडलंत की ऊब गेली. परत तेवढी ऊब करायची तर त्यांना मध खावा लागतो. म्हणून आतल्या मधावर लक्ष ठेवायचं. कळलं?"

"उघडायचं नाही तर लक्ष कसं ठेवायचं?" मी विचारलं.

"मागून पेटी जराशी उचलायची. जड लागली तर मध आहे. हलकी लागली तर नाही."

कळलं सगळं. वळलं काहीच नाही. रोज सकाळी उठलो की माझे पाय आवाराकडे. राणी आहे का? अंडी घातली का? त्या कोपऱ्यात कालपेक्षा कमी माश्या दिसतात का? झाकण उघडायचं, पोळं लागलेल्या आतल्या चौकटी एकेक करून उजेडाकडे धरायच्या, निरखायच्या, परत ठेवायच्या. बाटलीला काही वाटत नाही. माश्यांना वाटतं. एका पेटीतली राणी मी चौकट परत घालताना स्वतःच्या हाताने चिरडली. दुसरीतल्या सगळ्या एका दुपारी उठून निघून गेल्या आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. थंडी पडायला लागल्यावर तरी मी थांबायचं ना? उरलेल्यांची काळजी वाटून आणखी उघडत राहिलो. आतल्या अळ्या गारठून काळ्या पडल्या. पहिलं दाट धुकं पडलं तोवर पाच पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. मी त्या बघून बघून मारल्या.

पाचवी पेटी धुऊन पालथी घातली त्या दिवशी बायकोने मशीन थांबवलं आणि मला समोर बसवलं.

"मी लेकीकडे जाते," ती म्हणाली. "तिची मागची खोली रिकामी आहे. ती कधीची बोलावतेय."

"माश्या मेल्या म्हणून?"

"माश्या मेल्या म्हणून नाही हो." तिने कपाळाला हात लावला. "मी धुतलेला ग्लास तुम्ही आजवर एकदा तरी उजेडाकडे न धरता पाणी प्यायलात का? मी कुलूप लावलं की तुम्ही ओढून बघता. गॅस बंद केला की उठून बघता. लेकीच्या लग्नातसुद्धा मी नेसून तयार झाले तर तुम्ही म्हणालात, मागे एक धागा निघालाय. खरंच निघाला होता. पण इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे बघून एकदाही म्हणाला नाहीत की ठीक आहे, असू दे. मला वाटलं, इथे येऊन तुमचे डोळे जरा निवतील. कसलं काय."

ती बोलत असताना तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवरचा डाग मला दिसत होता.

मग तीच म्हणाली, "एक पेटी उरलीय. तिला हात लावायचा नाही. उघडायची नाही, ठोकायची नाही, कान लावायचा नाही. बागेला फुलं येतील तेव्हा मी स्वतः उघडीन. तोवर तुम्ही तेवढी एक गोष्ट न बघता राहून दाखवा. राहिलात आणि त्या जगल्या, तर मी इथून हलणार नाही. मग आपण म्हातारे होईपर्यंत मध विकू."

"आणि मी उघडली तर?"

"तर कळेलच मला."

तिने जुन्या रजईचे तुकडे जोडून पेटीला चारी बाजूंनी आवरण शिवलं. वरून दोरी आवळली आणि शिवणकामातली कसलीशी गाठ मारली, जी मी पूर्वी पाहिली नव्हती. थंडीआधी साखरेचा पाक पाजलेला होता, त्यामुळे तेव्हा पेटी जड होती. मी शब्द दिला.

ती थंडी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभा राहायचो आणि नजर मुद्दाम बागेकडे न्यायचो. हात खिशात. पहिल्यांदा बोटं नुसती वळवळायची. मग हळूहळू एक गंमत झाली. मी ग्लास उचलायचो आणि पिऊन टाकायचो. तिने कुलूप लावलं की सरळ चालायला लागायचो. ती तिरक्या नजरेने बघायची आणि काही बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "अहो, आज तुम्ही शर्ट उलटा घातलाय," आणि आम्ही दोघं खोकला येईपर्यंत हसलो.

पेटीशी तिचं काय चालायचं ते वेगळंच. रोज दुपारी ऊन आलं की ती तिथे स्टूल टाकून बसायची आणि हातातलं काम करत माश्यांशी बोलायची. लेकीचं काय चाललंय, जावयाची बदली झाली का, नळ अजून ठिबकतोय. मी लांब पायरीवर. एके दिवशी मी घरात होतो तेव्हा चांगलं ऊन पडलं आणि माश्या बाहेर आल्या. पेटीसमोर घिरट्या घालायला लागल्या. ती धावत आत आली, माझा हात धरून मला पायरीपर्यंत ओढत नेलं. "बघा! बघा, जिवंत आहेत!" इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मला बघा म्हणत होती. मीही आ वासून बघत राहिलो. खूप आनंद झाला. उडायला ताकद लागते आणि ताकदीला मध लागतो, हे मात्र रात्री अंथरुणात पडल्यावर आठवलं.

सकाळी मी विषय काढला. "उघडत नाही. नुसती मागून इतकीशी उचलून बघतो. मधवाले म्हणाले होते, वजन बघावं लागतं."

"नाही."

"अगं, आत खायला नसेल तर?"

"कारणं बरी सापडतात तुम्हाला," ती म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. "आज उचलाल, उद्या कान लावाल, परवा झाकण. पाच वेळा हेच झालंय. पाचही वेळा तुमच्याकडे कारण होतं."

खरं होतं. पाचही वेळा होतं. मी मधवाल्यांना फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. साखरेने त्यांच्या पायाचं बोट खाल्लं होतं, ते कापायला त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि ते कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. मी बायकोला परत विचारलं नाही.

त्याच आठवड्यात ती बाजारात गेली. बस वळणाआड गेली तसा मी पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. ती परत येईपर्यंत वेळच वेळ होता. एका हाताने मागची कड उचलायची, झालं. कोणाला कळलं असतं? मी हात खिशातून काढले. परत घातले. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी या बाईने माझ्यावर टाकलेला विश्वास तडा न जाता तिच्या हातात परत द्यावा. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं की तिचंच बरोबर असेल, माझी काळजी हीच त्या माश्यांची पीडा असेल. मी घरात येऊन बसलो.

ती आली ती पिशवी पायरीवर टाकून तडक आवारात गेली. गाठ बघितली. मग आत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला. लेकीच्या जन्मानंतर असं तिने केलेलं मला आठवत नाही. पिशवीतून माझ्यासाठी आणलेले लोकरीचे मोजे काढले. त्या संध्याकाळी ती लेकीला फोनवर म्हणाली, "ती खोली तू दे कोणाला भाड्याने. मी काही येत नाही." मी दुसऱ्या खोलीत होतो. मला ऐकू यावं म्हणूनच तिने मोठ्याने म्हटलं असावं.

त्यानंतर ऊन पडलं तरी माश्या बाहेर आल्या नाहीत. ती म्हणायची, "झोपल्या असतील." मी म्हणायचो, "असतील."

बागेतल्या झाडांवर कळ्या टपोऱ्या झाल्या आणि एका उबदार दुपारी तिने ठरवलं, आज. मधवाले दवाखान्यातून परतले होते, काठी टेकत आले. त्यांनाही तिनेच बोलावलं होतं. तिने जाळीची टोपी घातली, दोरीची गाठ सोडली, रजईचं आवरण उतरवून नीट घडी करून ठेवलं. मला म्हणाली, "तुम्ही या ना जवळ. आता काय." तिच्या आवाजात एखाद्या मुलीसारखी घाई होती. मी तिच्या खांद्यापाशी जाऊन उभा राहिलो.

झाकण निघालं. आवाज नाही. तिने मधली चौकट उचलली. माश्या होत्या, मुठीएवढा झुबका, जागच्या जागी. प्रत्येकीचं डोकं मेणाच्या घरात आत खुपसलेलं आणि शेपट्या तेवढ्या बाहेर. आजूबाजूची सगळी घरं कोरडी ठणठणीत. तळाशी बाकीच्यांचा थर पडला होता.

मला बघताक्षणी कळलं. नजर तयार झालेली आहे, तिला सांगावं लागत नाही. शेवटचा थेंब चाटायला त्या आत शिरल्या होत्या आणि तिथेच राहिल्या. उपासमार. एवढासा पाक, एक वाटीभर साखर, पेटी एकदा मागून उचलली असती तर.

"अशा काय या?" बायकोने मधवाल्यांना विचारलं. "डोकी आत घालून? असं कशाने होतं?"

मधवाल्यांनी चौकट हातात घेतली. बोलायला तोंड उघडलं.

"मी उघडली होती," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"भर थंडीत," मी म्हणालो. "दोन-तीनदा."

मधवाल्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्यांनी चौकटीतल्या त्या कोरड्या घरांवरून अंगठा फिरवला, तिच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. त्या माणसाने आजवर कोणाची भीड धरलेली मी पाहिली नव्हती. "हं," ते म्हणाले. "गारठल्या मग." आणि चौकट पालथी करून पेटीवर ठेवून दिली.

"गाठ?" बायकोने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तशीच बांधली परत. बघून ठेवली होती."

"त्या दिवशी? मी बाजारात गेले होते तेव्हा?"

"तेव्हाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टोपी काढली, केस सारखे केले आणि घरात गेली. मधवाले काठी टेकत फाटकापर्यंत गेले, तिथे थांबले, आणि मागे न बघताच म्हणाले, "मूर्ख आहात." मी हो म्हणालो.

आत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मी पायरीवर बसून राहिलो. अजूनही आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर ती राहिली असती, हे मला स्वच्छ कळत होतं. ती राहिली असती आणि रोज दुपारी त्या विटांसमोर स्टूल टाकून बसली असती. मी उचलतो म्हणत होतो आणि तिने नको म्हटलं, हे तिने मरेपर्यंत उगाळलं असतं. ज्यांच्याशी ती रोज गप्पा मारत होती, त्या तिच्या समोर, तिने शिवलेल्या आवरणात, तिच्याच गाठीखाली उपाशी मेल्या, हे तिच्या डोक्यात घालून मी तिला जवळ ठेवणार होतो? तशी बायको मला नको होती. पण तिच्याशिवायचं घरही नको होतं. खूप रडू आलं आणि मी ते तिथेच आवरलं, कारण ती बॅग घेऊन दारात उभी होती.

मशीन नंतर टेम्पोने पाठवायचं ठरलं. बस थांब्यापर्यंत बॅग मी धरली. बागांच्या कडेने जाताना एका झाडावर पहिली दोन-चार फुलं उमललेली दिसली. दोघांनीही बघितली.

थांब्यावरच्या बाकावर ती टोकाला बसली. रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "तुम्ही उघडली तेव्हा होत्या ना जिवंत?"

"होत्या."

"मी तर एकदाही आत बघितलं नाही." तिने डोळे पुसले. "इतके दिवस बोलायचे त्यांच्याशी. कशा दिसायच्या हो? सांगा ना."

पेटीच्या आत मीही काही बघितलं नव्हतं. पण ती विचारत होती, मान माझ्याकडे वळवून, थंडीत दुपारी माश्यांना विचारायची तशी. मग मी सांगितलं. म्हणालो, चेंडूसारख्या बसायच्या, एकमेकींना धरून. बाहेरच्या हळूहळू आत सरकायच्या आणि आतल्या बाहेर यायच्या, म्हणजे कोणालाच फार वेळ थंडी नको. अंग सतत थरथरत असायचं. तू बोलायला लागलीस की आवाज जरा वाढायचा. झाकण उघडलं की उबेचा एक भपका यायचा, मेणाचा वास असलेला. मी सांगत गेलो. तिचा चेहरा सैल होत गेला.

"आणि राणी?" तिने विचारलं. "दिसली होती राणी?"

"दिसली," मी म्हणालो. "मधोमध होती. ठीक होती अगदी."

ती मान हलवत राहिली. मग बस आली, आणि मी तिची बॅग वर चढवून दिली.